आधी सांग, तू कुणाकडनं?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉलची मॅच बघायला बसलात, तर पाच मिनिटं चेंडूकडं बघू नका, गॅलरीकडं बघा. एक पोरगा चेंडू घेऊन पळत येतो, दुसऱ्याचा पाय आडवा येतो, दोघंही आडवे होतात. पंचानं शिट्टी ओठाला लावायच्या आत अर्धी गॅलरी उठून उभी राहते, ‘फाऊल!’ उरलेली अर्धी त्याच दमात ओरडते, ‘नाटक करतोय!’ पडलेल्या पोराला कुठं लागलंय, हे बघायला मैदानाकडं कुणाची मान वळलेली नसते. सगळे समोरच्या गॅलरीला उत्तर देण्यात गुंतलेले असतात.

मागच्या हंगामात माझ्या शेजारी एक वयस्कर मामा बसले होते. डोक्याला मफलर, हातात शेंगांचा पुडा. असाच एक पोरगा पडला तेव्हा त्यांनी मला विचारलं, ‘काय वाटतंय? फाऊल का न्हाई?’

मी म्हटलं, ‘मामा, मला नीट दिसलं नाही.’

‘दिसायचं ऱ्हाऊ दे. आधी सांग, तू कुणाकडनं?’

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना खरंच माझी बाजू कळल्याशिवाय माझं मत ऐकायचं नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातनं जात नाही. कारण तो स्टेडियमवर थांबत नाही. भाऊबंदकीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मंडळाच्या वर्गणीत, कारखान्याच्या निवडणुकीत, देवळात, रस्त्यावरच्या अपघातात, आपण बरोबर-चूक ठरवायला बसतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. काय घडलं हे मागनं येतं. कुणी केलं हे आधी लागतं.

हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. १९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत फुटबॉलचा सामना झाला. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन अंगावर जाण्याचा. सामना धसमुसळा झाला, एकाचं नाक मोडलं, एकाचा पाय मोडला, आणि नंतर कित्येक दिवस दोन्ही कॉलेजं भांडत बसली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि सांगितलं, फाऊल मोजा. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले फाऊल प्रिन्स्टनच्या पोरांना सरासरी ९.८ दिसले. डार्टमथच्या पोरांना तेच फाऊल दिसले ४.३. फिल्म एकच होती. आकडे कुणी मुद्दाम फुगवले नव्हते, ज्याला जेवढे दिसले तेवढे त्यानं लिहिले.

हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. खोटं बोलणारा माणूस निदान मनातल्या मनात खरं जाणतो. त्याला कधीतरी लाज वाटू शकते. पण ज्याला आपल्या माणसाचा फाऊल दिसलाच नाही, त्याला लाज कशाची वाटणार? तो छातीवर हात ठेवून शपथ घेईल, आणि शपथ खरी असेल.

*

आता मैदान सोडून शिरोळ तालुक्यात चला. नांदणीच्या जैन मठात महादेवी नावाची हत्तीण होती. काही जण तिला माधुरी म्हणत. तीस वर्षांहून अधिक काळ ती मठात होती. तिच्या प्रकृतीच्या आणि वापराच्या तक्रारी झाल्या, उच्चाधिकार समितीनं तिला हलवायला सांगितलं, मठ कोर्टात गेला. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिला वनतारा या प्राणी केंद्राशी जोडलेल्या जामनगरच्या ट्रस्टकडं पाठवायचा निकाल दिला, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला आणि त्याच रात्री हत्तीण गाडीत चढली. निरोपाला लोटलेल्या गर्दीच्या संयमाचा बांध फुटला, पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडले. पुढच्या दिवसांत हजारो लोकांनी जिओची सिमकार्डं सोडली, कारण वनतारा आणि जिओ दोन्ही अंबानींचं. रविवारी ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसवर पदयात्रा निघाली. अंतर सुमारे ४५ किलोमीटर.

मी त्या पदयात्रेत सांगली फाट्यापासून गावापर्यंत चाललो. माझ्यासोबत शिरोळकडच्या एक मावशी होत्या. पहाटे निघालेल्या. चप्पल हातात होती, कारण टाचेला मोठा फोड आला होता. मी म्हटलं, ‘मावशी, रिक्षात बसा की.’ त्या म्हणाल्या, ‘न्हाई. लेकीच्या लग्नात तिनं पोरीच्या डोक्यावर सोंड ठेवल्याली. पोरगी सासरी जाताना सांगून तरी जाती. हिला रातोरात न्हेली.’ पुढं त्या काही बोलल्या नाहीत. पंचगंगेच्या पुलावर मात्र त्यांनी पदर डोळ्याला लावला.

ते रडणं खरं होतं. ज्यांनी मुंबई-पुण्यात बसून या लोकांना अडाणी ठरवलं, त्यांनी त्या पुलावर यायला हवं होतं. एका जनावरासाठी पायाला फोड येईपर्यंत चालणारी माणसं ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यात मी राहतो याचा मला अभिमान आहे.

पण त्या दिवशी चालताना मी त्या फोडाकडं बघत होतो आणि एक गोष्ट सलत होती. कोर्टापुढचा मुख्य प्रश्न पायांचाच होता. हत्तिणीच्या पायांचा. तिच्या तळव्यांचे आजार, वाढलेली नखं, दुखणारे सांधे, हे सगळं कागदावर आलं होतं. मठाचं म्हणणं होतं की आम्ही कधी हयगय केली नाही. दोन्ही बाजू तपासून न्यायालय म्हणालं की धार्मिक कामासाठी हत्तीण वापरण्याचा माणसाचा हक्क आणि नीट जगण्याचा हत्तिणीचा हक्क यांत हत्तिणीचा हक्क वरचढ. निकाल पटो न पटो, निकालाचा विषय हा होता. आणि आमच्या पदयात्रेत, मी चाललो तेवढ्या रस्त्यात, तिच्या पायांबद्दल एकही माणूस बोलला नाही. मीही नाही.

हत्तीचा पाय दिसतो खांबासारखा, पण असतो नाजूक. हत्ती बोटांवर चालतो आणि मागं टाचेखाली चरबीची जाड गादी असते. रानात तो रोज कैक किलोमीटर फिरतो, मातीत, चिखलात, पाण्यात. त्यातच नखं झिजतात, तळवा घट्ट राहतो. तोच हत्ती साखळीला बांधून कठीण जमिनीवर उभा केला की नखं वाढतात, भेगा पडतात, भेगांत घाण जाते, तळवा सडायला लागतो. वर कितीही हार घाला, खाली ते चालूच असतं. शिवाय हत्तीण ही कळपाची. आई, मावश्या, बहिणी, लेकी यांच्यात जन्म काढणारी. ती एकटी उभी असते तेव्हा भोवती हजार माणसं असली तरी तिच्या लेखी एकटीच असते.

हे सगळं आपल्याला कळत नाही असं नाही. ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्याला खुराची जखम काय असते हे पुस्तकातनं शिकावं लागत नाही. मग आपण ते विचारलं का नाही? कारण आपला प्रश्न ठरलेला होता: तू मठाकडनं की अंबानीकडनं? त्या प्रश्नात हत्तिणीला जागाच नव्हती.

*

माझ्या बोलण्याचा राग आला असेल तर सुंदरची आठवण करून देतो. सुंदर हा जोतिबाचा हत्ती. २००७ मध्ये तो देवस्थानाला अर्पण झाला, नंतर वारणेला साखळदंडात होता. माहुताच्या मारहाणीचं चित्रीकरण देशभर गेलं, इंग्लंडातनं पॉल मॅकार्टनीसारख्या गायकानं त्याला सोडा म्हणून पत्र लिहिलं, प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि २०१४ च्या जूनमध्ये सुंदर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला गेला. जिल्हा हाच. देव आपल्या सगळ्यांचा, चैत्रात लाखो माणसं ज्याच्या नावानं चांगभलं म्हणतात तो. हत्ती गेलाही परराज्यातच. पण त्याच्यासाठी अशी पदयात्रा निघाल्याचं मला आठवत नाही. कुणी सिमकार्ड बदलल्याचंही आठवत नाही.

का? महादेवीवर लोकांचा जीव जास्त होता हे एक उत्तर आहे, आणि ते खरं आहे. पण दुसरंही उत्तर आहे. सुंदरला नेणारं सरकारी उद्यान होतं. तिथं बोट दाखवायला श्रीमंत माणूस नव्हता.

म्हणून मी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली आहे. माणसं बदलून बघायची, कृती तीच ठेवायची. समजा हत्तीण अंबानींच्या दारात साखळीला उभी असती, तळवे बिघडलेले असते, आणि नांदणीच्या मठानं मोकळं कुरण, पाणी आणि डॉक्टर देऊन तिला मागितलं असतं, तर आपण काय म्हणालो असतो? ‘सोडा तिला’ म्हणालो असतो. मग तिथं जे चूक ठरलं असतं ते इथं बरोबर कसं ठरतं?

हाच प्रश्न पलीकडच्यांनाही. रातोरात, लोकांना विश्वासात न घेता, त्यांच्या भावनेची दखलही न घेता नेण्याची घाई एखाद्या परदेशी कंपनीनं केली असती तर तुम्ही तिला काय म्हणाला असता? उद्योगपतीच्या संस्थेवर प्रश्न विचारणं चूक नाही. मोठ्या पैशाला प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण ते प्रश्न हत्तिणीच्या बाजूनं विचारा: तिथं ती मोकळी आहे का, तिला सोबत आहे का, हवा मानवते का, तपासायला बाहेरचा माणूस जाऊ शकतो का? या प्रश्नांनी आंदोलन दुबळं झालं नसतं, पक्कं झालं असतं.

पुढं ६ ऑगस्टला वनतारानंच नांदणीत पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करायची तयारी जाहीर केली. साखळीविना फिरायची जागा, पोहायला तळं, उपचारांची सोय, अशी ती कल्पना. या कल्पनेत पहिल्यांदा तिच्या पायाखालच्या जमिनीचा विचार आला. तो लोकांच्या पायांना फोड आल्यावर आला, हे श्रेय पदयात्रेचंच. पण तो आपल्या मागण्यांच्या कागदावर पहिल्या ओळीत असायला हवा होता.

*

‘आम्ही प्रेमानं सांभाळलं.’ हे वाक्य मी पदयात्रेच्या दिवशी पन्नासदा ऐकलं.

जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९३२ च्या आपल्या पुस्तकात मुलांना विचारलेल्या गोष्टी दिल्या आहेत. त्यातली एक अशी. एक मुलगा जेवायला हाक आली म्हणून दार ढकलतो. दारामागं खुर्चीवर कपांचा ट्रे असतो हे त्याला माहीत नसतं. पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नाही असं बघून फडताळातला जॅम काढायला चढतो. त्याच्या हातनं एक कप फुटतो. जास्त चुकलं कुणाचं? लहान मुलं म्हणतात, पंधरा कप फोडणाऱ्याचं. थोडी मोठी झाली की म्हणतात, चोरून खाणाऱ्याचं. म्हणजे आधी आपण नुकसान मोजतो, मग हेतू बघायला शिकतो. हे मोठेपण आहे. हेतू बघितलाच पाहिजे. ज्यानं जाणूनबुजून केलं नाही त्याला गुन्हेगार म्हणू नये. नांदणीकरांना क्रूर म्हणणाऱ्यांना एवढंही कळलं नाही.

पण हेतूवर येऊन थांबणं हीसुद्धा अर्धवट वाढ आहे. दारामागं कप आहेत हे माहीत नव्हतं तोवर मुलगा निर्दोष. कुणी सांगितलं की दारामागं कप आहेत, आणि तरीही तो रोज तेच दार तसंच ढकलत राहिला, तर? मग ‘मी जेवायलाच चाललो होतो’ हे उत्तर पुरत नाही. प्रेम हे सुरुवातीला निर्दोष ठरवतं. कळल्यानंतर प्रेमाला कामाला लागावं लागतं. आजारी आईला आपण घरीच ठेवू म्हणणारा मुलगा प्रेमळ असतो. तिला पाठीला जखमा झाल्यात असं नर्सनं सांगितल्यावरही जो गादी बदलत नाही, त्याच्या प्रेमाचं आई काय करणार?

*

‘कुणी केलं’ हा प्रश्न वाईट का, याचा याहून कडवट पुरावा आपल्याच गावात आहे. जरा वेळ गेला की ‘कुणी केलं’चं ‘कुणातल्यानं केलं’ होतं.

३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला. खुनी जागीच पकडला गेला होता. तरी त्यानंतर कोल्हापुरात घरं जळाली, ब्राह्मण आडनाव बघून, ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशांची. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्याच आगीत गेला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पण ज्यांना उभं राहता आलं नाही अशी कुटुंबं गाव सोडून गेली. आग लावणाऱ्यांना आपण गांधीजींसाठी न्याय करतोय असं वाटत होतं. गांधीजींच्या नावानं.

आणि हे जुनं झालं असं म्हणू नका. १४ जुलै २०२४ ला वाद होता विशाळगडावरच्या अतिक्रमणांचा. अतिक्रमण हटवा ही मागणी कायद्यात बसणारी होती. त्या दिवशी जमावानं फोडली ती गडाच्या वाटेवरच्या गजापुरातली मुसलमानांची घरं आणि मशीद. त्या घरांतल्या शिलाई मशिनीनं, धान्याच्या डब्यानं, शाळेच्या दप्तरानं कुठं अतिक्रमण केलं होतं? शिवरायांच्या गडाच्या प्रेमापोटी केलं, असं सांगणारे भेटले. पुन्हा तेच, प्रेम. ज्या राजानं लुटीतही बाई-मुलाला हात लावू नका असा दंडक घातला, त्याच्या गडाच्या वाटेवर.

आपल्यातला आहे म्हणून सोडून देणं आणि त्यांच्यातला आहे म्हणून धरणं, ही एकाच काठीची दोन टोकं आहेत. एक टोक हातात घेतलं की दुसरं आपोआप कुणाच्या तरी पाठीत बसतं.

*

मग बरोबर-चूक ठरवायचं कसं? मला उत्तर एका गवळ्यानं दिलं.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जावं. म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर. दूध डोळ्यांदेखत काढायचं, फेसासकट प्यायचं. पाणी घातलं का हा प्रश्नच उरत नाही. कोल्हापूरच्या सचोटीचं हे मला नेहमी सुंदर रूप वाटत आलं. जे करायचं ते चारचौघांसमोर.

एके दिवशी मी ग्लास संपवून उभा होतो आणि पहिल्यांदाच खाली बघितलं. गवळ्यानं रेडकाला आधी आईला लावलं. रेडकानं दोन ढुसण्या दिल्या, म्हशीनं पान्हा सोडला, आणि गवळ्यानं रेडकू ओढून बाजूच्या खुंट्याला बांधलं. ते मान ताणून बघत होतं. इतकी वर्षं मी तिथं दूध पीत आलो. दुधाकडं बघितलं, फेसाकडं बघितलं, गवळ्याच्या हाताकडं बघितलं. रेडकाकडं कधी बघितलं नव्हतं. माझा सगळा हिशोब मी आणि गवळी या दोघांतला होता: मला फसवलं का नाही? तिसरा कुणी आहे हे मला दिसत नव्हतं.

गवळ्याचं काढून झालं. चार सडांपैकी तीनच त्यानं पिळले होते. एक तसाच भरलेला ठेवून त्यानं रेडकू सोडलं. मी विचारलं, ‘तो का ठेवला?’

तो म्हणाला, ‘त्याचा हाय त्यो. म्हसरानं दूध त्याच्यासाठी आणलंय. आपण वाटेकरी.’

मला आजी आठवली. गोठ्यात धार काढताना ती हेच म्हणायची, एक सड त्याचा. तिनं नीतिशास्त्र वाचलं नव्हतं. पण तिला एक माहीत होतं: कुठलंही काम बरोबर की चूक हे करणाऱ्याला विचारून कळत नाही, बघणाऱ्याला विचारूनही पुरतं कळत नाही. ते ज्याच्यावर होतं त्याच्याकडं बघावं लागतं. आणि बहुतेक वेळा त्याला बोलता येत नसतं, म्हणून वाकून बघावं लागतं.

मी दूध सोडलं नाही. पण आता आधी खाली बघतो. चौथा सड पिळणाऱ्याकडं मी जात नाही.

*

ज्याला लागलं त्याच्याकडं बघणं या गावाला नवं नाही, म्हणून मी एवढ्या हक्कानं बोलतोय.

शंभरेक वर्षांपूर्वी राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. जातीनं महार. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाला त्यांनी हात लावला म्हणून पागेतल्याच सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारलं. मारणाऱ्यांना आपण चूक करतोय असं वाटलंच नाही. त्यांच्या हिशोबात फाऊल गंगारामांचा होता, नियम मोडला होता. पागेतल्या बहुतेकांनाही तसंच दिसलं असणार. सगळे एकाच गॅलरीत बसले होते.

शाहू महाराज बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढं गेले. महाराजांनी हौद कुणाचा हे विचारलं नाही. मार कुणाला लागला हे बघितलं. मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि तिथंच न थांबता गंगारामांना पैसे देऊन भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढायला लावलं. नाव, सत्यसुधारक हॉटेल. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजांची गाडी तिथं थांबायला लागली. महाराज चहा प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. १९१९ मध्ये त्यांनी हुकूमच काढला की सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा इथं शिवाशीव चालणार नाही.

राजाला हे दिसलं कसं? माझा समज असा की त्यांना स्वतःला एकदा लागलं होतं. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेले असताना त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहितानं नकार दिला, कारण त्याच्या मते छत्रपतीही शूद्रच. ज्या माणसाला एकदा घाटावर उभं करून कमी लेखलं गेलं, त्याला पागेतल्या हौदाजवळचा माणूस ओळखता आला. खूप जणांना लागतं आणि ते पुढं दुसऱ्याला लावतात. महाराजांनी लागलेलं लक्षात ठेवलं आणि ते दुसऱ्यासाठी वापरलं.

हत्तीण कुठं राहावी, विशाळगडाचं काय व्हावं, फाऊल होता की नव्हता, यावर आपली मतं वेगळी असतील, असू देत. पण मत देण्याआधी दोन गोष्टी करा, एवढी माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. एक, कृती तीच ठेवून माणसं बदलून बघा आणि तरीही तुमचा निकाल तोच राहतो का ते तपासा. दोन, कुणी केलं हे विचारायच्या आधी कुणाला लागलं ते विचारा. घरात सासू-सुनेच्या भांडणात, शेतात बांधाच्या वादात, चावडीवर, मोबाइलवर आलेला व्हिडिओ पुढं ढकलताना, याच क्रमानं विचारा. आणि शेजारचा कुणी म्हणाला, ‘आधी सांग, तू कुणाकडनं?’ तर त्याला सांगा, जो पडलाय त्याच्याकडनं. तो आपल्या संघातला असो नाहीतर त्यांच्या.

शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक १९२५ मध्ये नर्सरी बागेत उभं राहिलं. ते दरबारानं उभारलं नाही, सरदारांनीही नाही. ज्यांना हौदाजवळ मार बसला होता, त्या गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेऊन ते उभारलं.